कोल्हापुरातून टांझानियाला: सिस्टरनी जावं की इथंच राहावं?

रंकाळाकाठची

आम्हाला गणित शिकवणाऱ्या सिस्टर (कॅथलिक संन्यासिनी) येत्या जूनमध्ये टांझानियाला चालल्यात. वय ६४. त्यांच्या संस्थेच्या तिघी मिळून तिथल्या एका खेड्यात नवं घर उघडणार आहेत. मुलींचं वसतिगृह, एक बालवाडी आणि गरोदर बायकांच्या तपासणीची एक खोली, एवढं सुरुवातीला. माजी विद्यार्थिनींच्या गटात मी ही बातमी टाकली आणि निरोप समारंभासाठी वर्गणी काढू या असं सुचवलं. तासाभरात एकीनं लिहिलं, "इथं काय गरिबी संपली म्हणून आफ्रिकेत निघाल्या? आणि सेवाच करायची तर धर्म कशाला सोबत?" बऱ्याच जणींनी तिला दुजोरा दिला. मला त्या रात्री झोप आली नाही. तिथं भांडण नको म्हणून इथं मांडते.

सिस्टर केरळातून कोल्हापूरला आल्या तेव्हा पंचविशीत होत्या. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. मंडईत भाजीवाल्या मावशींकडून आकडे शिकल्या, म्हणून त्यांचे 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर' कधी चुकले नाहीत. 'ळ' तर आमच्यापेक्षा स्वच्छ, मल्याळममध्ये तो असतोच. माझे वडील वारले त्या वर्षी मी दहावीला होते. संध्याकाळी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात त्यांनी मला चार महिने बीजगणित शिकवलं, एक पैसा न घेता. मी पुढं तीस वर्षं बँकेत नोकरी केली ती त्या व्हरांड्याच्या जोरावर. "इथं काय गरिबी संपली?" हा प्रश्न तेव्हा त्यांच्या गावात कुणी विचारला असता आणि त्या थांबल्या असत्या तर?

समुद्रापलीकडे जाऊन घर मांडणाऱ्या सिस्टरांमध्ये मला सर्वांत मोठी वाटते ती मदर मॅरिअन कोप. जन्म जर्मनीतला, लहानपणीच अमेरिकेत आली, गिरणीत काम केलं, मग सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टरांमध्ये गेली आणि तिथं रुग्णालय सांभाळलं. १८८३ मध्ये हवाईच्या राजाला कुष्ठरोग्यांसाठी परिचारिका हव्या होत्या. पन्नासहून जास्त संस्थांनी नकार दिला. ही सहा सिस्टरांना घेऊन गेली. बसवून देऊन परत यायचं असं ठरलं होतं, पण परतलीच नाही. रोग्यांच्या निरोगी मुलींसाठी १८८५ मध्ये होनोलुलूत घर काढलं, १८८८ मध्ये मोलोकाई बेटावरच्या कलावपापाला राहायला गेली आणि १९१८ मध्ये तिथंच वारली.

आणि आता उलट्या दिशेनंही माणसं जातात. मदर तेरेसांच्या संस्थेचं भारताबाहेरचं पहिलं घर १९६५ मध्ये व्हेनेझुएलातल्या कोकोरोते इथं निघालं. आपण फक्त घेणारेच राहावं का? सिस्टरनी जावं असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

मंगळवारपेठ

ताई, तुमच्या सिस्टरांबद्दल आदर राखून विरोधात लिहितो. मॅरिअन कोप हे सर्वांत चांगलं उदाहरण आहे. पण तेवढ्यावरून निकाल लावायचा नसतो.

कॅनडा बघा. तिथल्या मूलनिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवलं. एकूण १,५०,००० च्या आसपास मुलं. शाळा सरकारच्या पैशानं चालायच्या, चालवायची चर्चेस, आणि कॅथलिक शाळांत शिकवायला, स्वयंपाकाला, आजारपणाला सिस्टर असायच्या. भाषा बोललं की शिक्षा. कितीतरी मुलं परत घरी गेलीच नाहीत. पोप फ्रान्सिस २०२२ मध्ये तिथं जाऊन माफी मागून आले. त्या सिस्टर वाईट हेतूनं गेल्या होत्या असं मी म्हणत नाही. बहुतेकींना आपण सेवाच करतोय असं वाटत असणार. मला भीती त्याचीच वाटते.

त्याआधीची गोष्ट. मारी द लँकारनासिओं ही उर्सुलाइन सिस्टर फ्रान्सहून १६३९ मध्ये क्वेबेकला गेली आणि तिथं मुलींची शाळा काढली. त्याआधी मठात शिरताना तिनं ११ वर्षांचा मुलगा मागं सोडला होता. क्वेबेकमध्ये जवळजवळ तीस वर्षं काढल्यावर, १६६८ मध्ये, तिनंच पत्रात लिहिलं की आमच्या हाताखालून गेलेल्या शंभर मूलनिवासी मुलींतली जेमतेम एक आम्ही फ्रेंच वळणाची करू शकलो. मुली कुंपण ओलांडून रानात पळून जायच्या. मी म्हणतो, त्या मुली बरोबर होत्या.

माझं स्वतःचं सांगतो. मी ज्या शाळेत शिकलो तिथं मराठी बोललं की चार आणे दंड होता. माझी आई धुणीभांडी करायची. डबा द्यायला आली आणि मी "आई" म्हटलं, त्याचेही चार आणे लागले. पैसे तिनंच भरले. हे मी पन्नाशीतही विसरलो नाही. शिक्षण चांगलं मिळालं, इंग्रजी त्याच शाळेनं दिलं, सगळं मान्य. पण आई फाटकाबाहेर उभी राहायची ते आजही डोळ्यांसमोर येतं.

म्हणून 'मुलींचं वसतिगृह' हा शब्द वाचून मी थबकलो. पोर घरातून काढून आपल्याकडं ठेवायची, आणि ठेवणारी त्या गावाला काही विचारायला बांधील नाही. यात मला सेवा आधी दिसत नाही.

ऊसपट्टा

मी शिरोळ तालुक्यातला, शाळेत मास्तर हाय. माझं सरळ म्हणणं. परमुलखातनं कुणी येऊन शाळा काढावी ह्याची वाट कोल्हापूरनं कधी बघितली न्हाई. शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं, जैन बोर्डिंग त्याच साली. १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. ह्या सगळ्याला ना व्रत लागलं, ना संन्यास. जमिनी दिल्या, पैसा दिला आणि त्या-त्या समाजाच्या माणसांच्या हातात कारभार दिला. खरी रीत ही.

आता दुसरं. नोव्हेंबर ते मार्च आमच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या असत्यात. पालाच्या झोपड्या, पहाटे तीनला कोयता. आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्या भावाला कडंवर घेऊन चूल बघती. साखरशाळा म्हणून सरकारनं काढल्या, कुठं चालल्या, कुठं कागदावरच राहिल्या. गणित शिकवणाऱ्या ६४ वर्षांच्या बाईंची गरज टांझानियापेक्षा माझ्या शाळेपासनं दोन किलोमीटरवर जास्त हाय. रागानं न्हाई म्हणत ताई. मला माणूस मिळत न्हाई म्हणून म्हणतो.

रंकाळाकाठची

मास्तर, तुमचं दुसरं म्हणणं माझ्या काळजाला लागलं, त्यावर विचार करून लिहीन. पहिल्याला मात्र लगेच उत्तर देते. महाराजांनी बाहेरच्याला दार बंद कधीच केलं नाही. मिरजेला मिशनचे डॉ. वानलेस कॅनडातून आले होते आणि आपल्या भागातली माणसं बैलगाड्या जोडून त्यांच्याकडं जात.

वानलेसवाडीकर

आमच्या गावाला ज्यांचं नाव आहे त्या वानलेसांचा विषय निघाला म्हणून लिहितो. ताई, एक खुलासा. डॉ. वानलेस कॅथलिक नव्हते, प्रेस्बिटेरियन मिशनचे होते. त्यांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ चं. त्याआधी १८५२ मध्ये कोल्हापुरात आलेले रॉयल वाइल्डर हे अमेरिकन, तेही प्रॉटेस्टंट. ते संसारी होते, सिस्टरांसारखं आजन्म व्रत नाही. दोन्हींत फरक आहे आणि आपल्याकडं सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात, म्हणून सांगितलं.

वानलेसांचं मला मोठं वाटतं ते शस्त्रक्रियेमुळं नाही. त्यांनी मिरजेत इथल्याच मुलांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली, त्यामुळं. आपल्यानंतर चाकू कुणाच्या हातात असेल याचा विचार त्यांनी पहिल्यापासून केला. टांझानियाच्या घराबद्दलही मी हेच विचारीन, की दहा वर्षांनी तिथली बाई त्या खोलीची प्रमुख असेल का?

आता धर्माबद्दल. मी मराठी ख्रिस्ती, चौथी पिढी. "भाकरीसाठी बाटलेले" हे लहानपणी खूप ऐकलं. आमच्या पणजोबांनी दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला. घरात सांगतात ते असं, की खडी फोडण्याच्या कामावरही भाकरी मिळतच होती. मिशनच्या दवाखान्यात त्यांना पहिल्यांदा कुणी तरी 'बसा' म्हटलं. त्यांनी जो निर्णय घेतला तो शहाण्या, प्रौढ माणसाचा होता. त्यांना फसवलं असं म्हणणारे त्यांना आजही अडाणीच समजतात, आणि त्याचं मला दुःख होतं.

मंगळवारपेठ

दादा, तुमच्या पणजोबांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांना बसायला न सांगणारे आमच्यासारख्यांचेच पूर्वज होते, ती लाज आमची आहे. तरीही माझी हरकत राहते. प्रौढ माणसानं डोळे उघडे ठेवून धर्म बदलला तर तो त्याचा हक्क. पण सात वर्षांची मुलगी वसतिगृहात रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसते तेव्हा तिनं काय निवडलेलं असतं? सेवेच्या जागी प्रार्थना सक्तीची नाही, हे लिहून भिंतीवर लावायला सिस्टर तयार आहेत का?

सफेद_पट्टी

२८ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली ११ प्रसूती कक्षात. धर्म, देश यावर तुम्ही बोलताय ते चांगलंच आहे. पण त्या 'तपासणीच्या खोली'बद्दल कुणीच विचारलं नाही, म्हणून माझा जीव खालीवर होतोय.

१९७६, आजचा काँगो, तेव्हाचा झैरे. यांबुकू नावाच्या गावी बेल्जियन सिस्टरांचं १२० खाटांचं मिशन रुग्णालय. आसपासच्या लोकांचा प्रचंड विश्वास. रोज सकाळी कामाला पाच सिरिंज आणि पाच सुया मिळायच्या. बाह्यरुग्ण विभाग, गरोदर बायकांची तपासणी, आतले रुग्ण, सगळ्यांना त्याच. मधे नुसत्या गरम पाण्यात खळबळायच्या. तिथं इबोला शिरला. त्या साथीत ३१८ रुग्ण नोंदले गेले आणि २८० दगावले. गरोदर बायका किती गेल्या असतील, विचार करा, कारण इंजेक्शन घ्यायला त्याच रांगेत असायच्या. रुग्णालयातल्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ गेले. सिस्टरही गेल्या. शेवटपर्यंत रुग्णांजवळ होत्या, पळून गेल्या नाहीत. त्यांच्या निष्ठेपुढं मी डोकं टेकते. पण निष्ठेनं सुई निर्जंतुक होत नाही.

ताई, तुम्ही मॅरिअन कोपबद्दल लिहिलंत. तिच्या कामातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हात धुण्याबद्दल ती अतिशय कडक होती आणि तिच्या सिस्टरांपैकी एकीलाही कुष्ठरोग झाला नाही. ती आधी रुग्णालय चालवून गेली होती.

आणखी एक नाव सांगते, अॅना डेंगेल. ऑस्ट्रियाची. आयर्लंडमध्ये डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीला आली. तिथल्या पडदानशीन बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, बाळंतपणात घरीच मरत. डॉक्टर सिस्टर हव्या होत्या. पण अडचण अशी, की व्रत घेतलेल्या सिस्टरनं शस्त्रक्रिया आणि बाळंतपण करायला चर्चचीच मनाई! तिनं १९२५ मध्ये आणखी तिघींना घेऊन वैद्यकीय सेवेची वेगळी संस्था काढली, पूर्ण व्रतं न घेता. रोमनं १९३६ मध्ये परवानगी दिली, तोवर अकरा वर्षं थांबली. तिच्याआधी अॅग्नेस मॅक्लारेन नावाच्या वयस्क स्कॉटिश डॉक्टर बाईंनी याच मागणीसाठी रोमच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मायेच्या जोडीला डॉक्टरकीची पदवी हवीच, यावर या बाया अडून बसल्या. मला त्या देवीसारख्या वाटतात.

म्हणून विचारा: तिघींत परिचारिका कोण आहे? तिथल्या सरकारकडं नोंदणी झाली का? रक्तदाब वाढलेली गरोदर बाई आली तर न्यायचं कुठं, किती तासांवर, कोणत्या वाहनानं? नुसती तपासणी करून "सगळं ठीक" सांगायचं आणि रात्री झटका आला तर जवळ कुणी नाही, याहून खोली नसलेली बरी. आणि निरोपाला शाल-श्रीफळ, चांदीची समई वगैरे देऊ नका. निर्जंतुकीकरणाचं भांडं द्या, दाबावर चालणारं, वीज नसली तरी स्टोव्हवर ठेवता येतं असं.

आजऱ्याची

माझी आत्या सिस्टर आहे, ३४ वर्षं इथिओपियात. आम्ही आजऱ्याकडचे कॅथलिक. सिस्टरबद्दल सगळे बोलतात, पण तिच्या घरच्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

तिला पगार नाही. जे मिळतं ते संस्थेच्या एकाच थैलीत. काही वर्षांनी एकदा घरी येते. आजी गेली तेव्हा पोचली नाही. बाबा अजून म्हणतात, "आमची आक्का देवानं नेली आणि परत कधी दिली नाही." मी लहानपणी तिच्यावर रागावले होते.

ती गेल्या पावसाळ्यात आली होती. ६१ वर्षांची, गुडघे दुखतात. मी विचारलं, तुला कुणी पाठवलं की तू गेलीस? म्हणाली, "आज्ञा आली होती. पण आज्ञा यावी म्हणून मीच तीन वर्षं पत्रं लिहीत होते." ती तिथं शिवण शिकवते. तिच्या हाताखाली तयार झालेली बाई आता मुख्य आहे आणि आत्या तिच्या हाताखाली काम करते. हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मी राग विसरले. जावं की नको हे मला ठरवता येत नाही. फक्त, 'इथंच राहा' म्हणणाऱ्यांनी तिलाही एकदा विचारावं.

रंकाळाकाठची

रविवारी सिस्टरना भेटून आले. तुमचे सगळे प्रश्न वहीत उतरवून नेले होते. जे ऐकलं ते तसंच लिहिते, माझ्या बाजूचं नसलेलंही.

तिघींत एक परिचारिका आहे, प्रसूतीचं प्रशिक्षण घेतलेली. नोंदणीचे कागद अजून झालेले नाहीत. ते होईपर्यंत खोली उघडायची नाही असं ठरलंय. जवळचं मोठं रुग्णालय दोन तासांवर, पावसात जास्त. वाहनाची व्यवस्था नाही. या प्रश्नावर सिस्टर बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे मला आधी विचारायला हवं होतं." त्यांनी माझ्यासमोरच पत्र लिहायला घेतलं.

प्रार्थनेबद्दल. सक्ती नसेल, म्हणाल्या. मी म्हटलं, भिंतीवर लिहाल? तर म्हणाल्या, मी सकाळी प्रार्थना करणारच, मुली बघणारच, आणि बघण्याचा परिणाम होतोच. तो होत नाही असं भिंतीवर लिहिलं तर ते खोटं होईल. मंगळवारपेठ, हे उत्तर तुम्हाला पटणार नाही याची मला कल्पना आहे. पण त्यांनी गुळमुळीत काही सांगितलं नाही, ते मला भावलं.

दंडाचा प्रसंग मी वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. असला दंड आपणही पाहिला होता आणि तेव्हा बोललो नाही, असं म्हणाल्या.

मग वही दाखवली. स्वाहिली शिकतायत, शब्द मराठीत लिहून. दुकानाला तिकडं 'दुका' म्हणतात आणि गाडीला 'गारी'. मोठ्या माणसांना 'शिकामू' म्हणून नमस्कार करतात, त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरतो. त्यापुढं कंसात लिहिलं होतं: पाया पडणे, कोल्हापूरसारखं. ६४ व्या वर्षी पुन्हा बाजारात आकडे शिकायचे म्हणून त्या हसत होत्या. तिथं प्राथमिक शाळेत स्वाहिलीतूनच शिकवतात, म्हणून बालवाडीही त्याच भाषेत ठेवणार. त्यासाठी गावातलीच एक तरुण शिक्षिका आधीच ठरवलीय.

निर्जंतुकीकरणाच्या भांड्याचं त्यांना लगेच पटलं. फक्त आधी तिथल्या आरोग्य केंद्राला विचारू, कोणत्या मापाचं आणि सुटे भाग तिकडं मिळतात का, मगच घ्या म्हणाल्या. गटात वर्गणी त्यासाठीच काढतेय.

सफेद_पट्टी

सुटे भाग विचारताहेत म्हणजे बाई कामाच्या आहेत. रबराच्या कड्या दोन जास्तीच्या द्या, त्याच आधी जातात. वाहनाचं उत्तर आल्याशिवाय खोली उघडू नका, हे मात्र माझ्या नावानं सांगा.

ऊसपट्टा

वाचलं. सिस्टर जात्यात तर जाऊ द्यात, मी आडवा येणार न्हाई. पण माझा प्रश्न तिथंच ऱ्हायला. हंगाम संपायला अजून सात आठवडे हायत. पालावर ३१ पोरं मोजली मी काल. त्यातल्या १९ जणांना वजाबाकी येत न्हाई. ताई, तुम्ही बँकेत तीस वर्षं काढली म्हणालात.

रंकाळाकाठची

मास्तर, मंगळवार आणि शुक्रवार येऊ शकते. शिरोळची एसटी मध्यवर्ती स्टँडवरून किती वाजता, आणि उतरायचं कुठं ते कळवा. खडू-फळा मी आणते.

मंगळवारपेठ

बालवाडी आणि भांडं, दोन्हींना माझी वर्गणी धरा. वसतिगृहाला नाही. सिस्टरांच्या भिंतीच्या उत्तरावर दोन दिवस विचार केला, अजूनही पटलेलं नाही. त्या गावातल्या किती मुली घरून चालत शाळेत येऊ शकतील आणि किती जणींना खरोखर राहायलाच लागेल, हा आकडा त्यांनी तिथं पोचल्यावर मोजावा. आणि आईला आत कुठवर येता येईल, तेही विचारा.